प्रतिसाद: मोठं कुत्रं रुळतं का?

वर विचारलंय ना, शेल्टरमधलं मोठं कुत्रं घरात रुळतं का, तर आमचा अनुभव सांगते. आम्ही सोलापूरचे, दोन वर्षांपूर्वी साधारण चार वर्षांची गावठी कुत्री आणली, एक कान फाटलेला, पिल्लांच्या गर्दीत तिला कोण विचारतंय! नसबंदी आणि रेबीजचं इंजेक्शन तिकडंच झालेलं, तो ताप वाचला. पहिले पाच दिवस मॅडम दिवाणाखालून हलल्या नाहीत, फक्त रात्री सगळे झोपले की वाटी चाटूनपुसून साफ. सहाव्या दिवशी सासूबाई भाकरी थापत होत्या (कुत्रं नको म्हणणाऱ्या त्याच बरं का) तर ही हळूच येऊन त्यांच्या पायावर हनुवटी टेकवून बसली, झालं, तेव्हापासून पहिली भाकरी तिची. शेंगाचटणी मात्र अजिबात द्यायची नाही, लसूण कुत्र्यांना विषारी असतो हे सासूबाईंना पटवायला महिना गेला. आणि एप्रिल-मेत आपल्याकडं पारा ४० च्या वर, डांबरानं पंजे भाजतात, म्हणून फिरणं सकाळी सहालाच. सासूबाईच नेतात आता, मला विचारतसुद्धा नाहीत.