मदत हवी आहे: आर-स्क्वेअर ०.९६, पण डर्बिन-वॉटसन फक्त ०.४

अर्थशास्त्र पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे: उत्पन्न आणि उपभोग, ३२ वर्षांचे वार्षिक आकडे. साध्या रिग्रेशनचे (उत्पन्नावरून उपभोगाचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणाचे) हे निकाल बघून धडकीच भरली. आर-स्क्वेअर म्हणजे उपभोगातल्या चढउतारांचा किती भाग समीकरणाने उलगडतो; डर्बिन-वॉटसन म्हणजे लागोपाठच्या वर्षांच्या अंदाजातल्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का हे सांगणारा आकडा, २ च्या आसपास असला तर ठीक. अर्थमितिज्ञ ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांचा १९७४चा इशारा हाच: आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा दिसला की संबंध आभासी असल्याचा संशय घ्यावा. दोन्ही मालिका चढत्या, म्हणून जुळतात. लॉग घेऊन पहिला फरक (या वर्षाच्या आकड्यातून मागच्या वर्षाचा वजा) काढला, तर आर-स्क्वेअर ०.३ वर आला. पण फरक घेतला की दीर्घकालीन नातं निसटतं, आणि प्रकल्पाचा जीव त्यातच आहे.

दोन चढत्या मालिकांत खरंच दीर्घकालीन नातं आहे का, हे एंगल-ग्रेंजर चाचणी तपासते; पण एवढ्या कमी निरीक्षणांवर ती कितपत भरवशाची? शिवाय हाच प्रकल्प डेटा अ‍ॅनालिस्टच्या नोकरीच्या अर्जाला जोडायचाय. त्यात पहिलं, फसलेलं रिग्रेशनही ठेवावं का? भरती करणाऱ्यांनी जरूर सांगा.