मदत हवी आहे: लेपर्ड गेको दिवसरात्र झोपूनच, संध्याकाळीही बाहेर येत नाही

डिचोलीचा_पाऊस:
कोणीतरी लवकर सांगा. माझा लेपर्ड गेको (घरात पाळलेली ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल) सारखा झोपून असतो. दिवसा झोपणारच, ते मला माहीत आहे. पण दिवेलागणीला गुहेतून तोंड बाहेर काढून काचेपाशी यायचा, ते आता बंद झालंय. अगदी कोपऱ्यात, डोळे मिटून पडलेला. हातात घेतला की डोळे उघडतो, ठेवला की परत झोप. मीलवर्म (त्याच्या खाण्याच्या अळ्या) पुढ्यात ठेवले तरी बघत नाही. एका ठिकाणी वाचलं हे नॉर्मल आहे, दुसरीकडे वाचलं शेवट जवळ आला. आमच्या भागातले डॉक्टर कुत्र्यामांजरांचे, सरपटणारा प्राणी म्हटलं की नाही म्हणतात. प्लीज.

रानवाट:
वय? नर की मादी? टँकमधलं तापमान किती आणि नेमकं कुठे मोजलंस? शी शेवटची कधी केली? शेपटी जाड आहे की बारीक होत चाललीय? हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

डिचोलीचा_पाऊस:
दोन-अडीच वर्षांचा असेल. नर. शेपटी ठीक. तापमान नॉर्मल आहे. मला एवढंच सांगा, ही झोप की आजार?

रानवाट:
नॉर्मल म्हणजे किती? आकडा दे.

मांडवीकाठ:
पालींना पापण्या नसतात, त्या डोळे मिटू शकत नाहीत. हा डोळे मिटून पडतोय म्हणजे डोळ्यांना संसर्ग झालाय. आधी ड्रॉप्स घाला, उशीर करू नका.

रानवाट:
नाही, ड्रॉप्स अजिबात घालू नकोस! भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात हे खरं, म्हणून ती जिभेने डोळा पुसते. लेपर्ड गेकोच्या कुळाला हलणाऱ्या पापण्या असतात. तो झोपताना डोळे मिटतोच. पायाला चिकटणाऱ्या गाद्याही नसतात, म्हणून तो काचेवर चढत नाही. घरातल्या पालीवरून याचं काहीही ठरवू नका.

मांडवीकाठ:
बरं, पापण्यांचं माहीत नव्हतं. पण डोळ्यांवर कात अडकते हे मी स्वतः पाहिलंय. तेवढं तरी तपासा.

रानवाट:
ते बरोबर. पापणीच्या कडेला आणि बोटांच्या टोकांना पांढरी साल दिसते का बघ. कात टाकायच्या आधी अंग फिकट पडतं, तेव्हाही तो लपतो आणि खात नाही. तसं असेल तर काळजीचं कारण नाही.

सावंत_काकी:
आमच्या स्वयंपाकघरात पाली फार झाल्या होत्या. खिडकीत अंड्याची टरफलं ठेवली, कमी झाल्या. करून बघा.

डिचोलीचा_पाऊस:
काकी, मला पाल घालवायची नाही, वाचवायची आहे.
साल कुठे नाही, फिकट पण नाही.

फोंडा_एक्झॉटिक्स_प्रेमी:
शीतनिद्रा असणार. हा प्राणी पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि आपल्या वायव्य भागातल्या कोरड्या डोंगराळ मुलखातला. थंडीत महिनोन् महिने सुस्त राहतो, शेपटीतल्या चरबीवर जगतो. माझा जानेवारीत असाच पडून होता. हात लावू नका, आपोआप उठेल.

रानवाट:
दादा, तुमचा जानेवारीत. आता आषाढ चालू आहे. आणि पोटात अन्न असताना थंड पडला तर ते पचत नाही, आतच कुजतं. धागाकर्त्या, तापमान?

डिचोलीचा_पाऊस:
टँकला चिकटवलेली पट्टी २६ दाखवते. हीट मॅट (टँकला खालून ऊब देणारी विजेची चटई) पाऊस लागल्यापासून बंद आहे. इथे सारखी वीज जाते-येते, ओल पण आहे, करंट लागेल म्हणून आईने प्लग काढून ठेवलाय. पण २६ म्हणजे काही थंडी नाही ना?

रानवाट:
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! आपल्याला २६ उबदार वाटेल, त्याला नाही. तो पोट गरम जमिनीला टेकवून अन्न पचवतो. गरम बाजूच्या गुहेतली जमीन ३१ ते ३३ हवी, थंड बाजू २५-२६ चालते. तुझ्या टँकमध्ये गरम बाजू उरलेलीच नाही. भूक मंदावणार आणि तो पडून राहणार. काचेवरची पट्टी जमिनीचं तापमान दाखवत नाही. वायरवाला डिजिटल थर्मामीटर घे आणि त्याचं टोक गुहेत जमिनीवर ठेव.

फोंडा_एक्झॉटिक्स_प्रेमी:
लाल बल्ब लावा. मी कित्येक वर्षं तोच वापरतोय, रात्री ऊब पण मिळते आणि गेको दिसतो पण.

कुशावती:
लाल बल्ब नको. गेकोंना अंधुक उजेडातही रंग दिसतात, लाल उजेडात त्यांची रात्र होत नाही. हे पहाटे आणि तिन्हीसांजेला हालचाल करणारे प्राणी, उजेड कमी होताना उठतात. टँक कुठल्या खोलीत आहे? तिथे रात्री किती वाजेपर्यंत ट्यूबलाइट असते?

डिचोलीचा_पाऊस:
हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. बाबा बारापर्यंत बघतात.

कुशावती:
म्हणजे त्याची संध्याकाळ मध्यरात्रीनंतर सुरू होते. कदाचित तुम्ही झोपल्यावर फिरतही असेल. गुहेच्या तोंडाशी टिश्यू पेपर पसर, सकाळी चुरगळलेला आहे का बघ. आणि टँक दुसऱ्या खोलीत हलव. बारा तास उजेड, बारा तास अंधार.

फोंडा_एक्झॉटिक्स_प्रेमी:
माझा लाल बल्बखाली धडधाकट आहे, एवढंच सांगतो.

पेडणेकर_जुने:
आमच्याकडे रानात असली जाड शेपटीची पाल दिसली की लोक विषारी म्हणून मारतात. खूप वाईट वाटतं, त्यात विष अजिबात नसतं. तुमचा कुठून घेतला? परदेशी प्राण्यांपैकी काहींची नोंदणी वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पावती जपून ठेवा.

डिचोलीचा_पाऊस:
पावती आहे. ते नंतर बघतो. आईला मॅटचं कसं पटवू?

कुशावती:
आईंची भीती रास्त आहे, ओल्या भिंतीतल्या बोर्डावर मॅट लावूच नये. कोरड्या भिंतीतला तीन पिनांचा सॉकेट आणि घराच्या मीटरजवळ ईएलसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असेल तर धोका खूप कमी होतो. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. मॅट टँकच्या बाहेरून, तळाला, एक तृतीयांश भागाखाली. आणि थर्मोस्टॅट (ठरलेलं तापमान झालं की मॅट बंद करणारं यंत्र) हवाच, तो नसेल तर पोट भाजतं. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गुहेला टेकवून ठेव.

रानवाट:
लगेच खायला देऊ नकोस. आधी एक-दोन दिवस ऊब मिळू दे, मग एखादा मीलवर्म. जबरदस्तीने तोंडात काही कोंबू नकोस. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर आज वजन करून लिहून ठेव, मग दर आठवड्याला. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, शेपटी बारीक झाली, नाकाशी बुडबुडे आले किंवा तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, तर पणजी-मडगावला फोन करून सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोध. या दमट हवेत छातीचा संसर्ग लवकर होतो, टँकचं झाकण जाळीचंच असू दे.

डिचोलीचा_पाऊस:
वजन ५८ ग्रॅम. मॅट आतल्या खोलीत लावली, तिथली भिंत कोरडी आहे. मीटरजवळ ईएलसीबी आहे, बाबांनी बटण दाबून तपासला. थर्मोस्टॅट म्हापशाहून येईपर्यंत मॅट दिवसा मी घरात असतानाच चालू ठेवणार. टिश्यू सकाळी चुरगळलेला होता!! शी पण सापडली, कोपऱ्यात. देव बरें करूं सगळ्यांचं.

रानवाट:
रात्री फिरतोय, हे फार चांगलं. शी घट्ट होती की पातळ? टोकाला पांढरा भाग होता का?

गोमंतक_वाचक:
मीलवर्म म्हापशात कुठे मिळतात? मला माशांसाठी हवे आहेत.