अमेरिकेत तिकीट वाटतं तरी कोण?

उंटावरचा शहाणा
प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, इथवर कळतं. पुढे घोळ होतो. एखादा खासदार पक्षश्रेष्ठींना नकोसा झाला तर ते त्याचं तिकीट कापू शकतात का? नसतील, तर स्वतःच्याच पक्षाचं विधेयक पाडणाऱ्याला वठणीवर आणतात कसं? आणि प्रायमरीत मत द्यायला सदस्यत्व, वर्गणी वगैरे लागते का? अध्यक्षपदाचं नको, त्यावर धागे भरपूर आहेत. संसदेच्या दोन सभागृहांचं, म्हणजे हाउसच्या (कनिष्ठ) किंवा सेनेटच्या (वरिष्ठ) जागेचं सांगा.

मतपत्रिका
तिकीट कापायची सोय नाही, कारण तिकीट पक्षाच्या हातात नसतंच. अटी राज्याचा कायदा ठरवतो आणि त्या पुऱ्या केल्या की नाव प्रायमरीच्या मतपत्रिकेवर येतं. फ्लोरिडात हाउससाठी पक्षातर्फे उभं राहायचं तर १०,४४० डॉलर भरायचे (खासदाराचा पगार वर्षाला १,७४,०००, त्याचे ६ टक्के) आणि अर्जाआधी ३६५ दिवस त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदार असायचं. टेक्सासमध्ये ३,१२५ डॉलर, किंवा ते वाचवायचे तर ५०० सह्या. तिथे अर्ज पक्षाच्याच पदाधिकाऱ्याकडे जातो, पण कागद नियमात असतील तर 'तुमचे विचार पटत नाहीत' म्हणून तो परत करता येत नाही.

सह्यांची राज्यं जास्त किचकट. न्यूयॉर्कमध्ये हाउससाठी साधारण १,२५० लागतात. सही करणारा त्याच मतदारसंघातला आणि त्याच पक्षात नोंदलेला हवा. एका जागेसाठी त्याने दोन उमेदवारांच्या कागदावर सह्या केल्या तर आधीच्या तारखेची धरतात, नंतरची बाद. विरोधकांचे वकील एकेक ओळ मतदारयादीशी ताडून हरकती घेतात. म्हणून जाणती टीम गरजेच्या दुप्पट-तिप्पट सह्या गोळा करते. नवखे उमेदवार इथेच गारद होतात, मतदानापर्यंत पोचतच नाहीत.

श्रेष्ठी स्वतःलाही वाचवू शकत नाहीत, याचा दाखला एरिक कँटर. २०१४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे हाउसमधले क्रमांक दोनचे नेते, आणि व्हर्जिनियातल्या प्रायमरीत डेव्ह ब्रॅट नावाच्या प्राध्यापकाकडून हरले.

वॉर्ड क्रमांक सात
मतदाराच्या बाजूचं सांगतो. वर्गणी नाही, सदस्यत्वाची पावती नाही. प्रायमरी बहुतेक ठिकाणी सरकारी खर्चाने, सरकारी यंत्रणाच घेते. मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकाना असतो, त्यात खूण केली की झालात त्या पक्षाचे. पक्षाला विचारायचीही गरज नाही. टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत तर तो रकानाच नाही. केंद्रावर जाऊन 'मला अमुक पक्षाची मतपत्रिका द्या' म्हणायचं. मात्र एकदा एका पक्षाची घेतली की दुसऱ्या पक्षाच्या फेरलढतीत मत देता येत नाही. या दोन्ही राज्यांत प्रायमरी जिंकायला ५० टक्क्यांच्या वर मतं लागतात, त्यामुळे फेरलढती नेहमीच्याच.

चूक होते ती तारखांत. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद प्रकारची, म्हणजे त्या पक्षात नोंदलेल्यांनीच मत द्यायचं, आणि जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीला संपते. पूर्वी ती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपायची. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या इव्हान्का आणि एरिक या दोन मुलांना त्यामुळेच वडिलांना मत देता आलं नाही, त्यांची नोंदणी रिपब्लिकन नव्हती.

दुसरा खड्डा कॅलिफोर्नियाचा. 'कुठलाच पक्ष नको' म्हणणारे लोक 'अमेरिकन इंडिपेंडंट' या नावापुढे खूण करतात. तो अपक्षांचा रकाना नव्हे, जॉर्ज वॉलेस यांच्या १९६८ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीपासूनचा एक कट्टर उजवा पक्ष आहे.

जुना पापी
वरचं बरोबर आहे, पण श्रेष्ठी अगदीच बिचारे असतात असं चित्र उभं राहतंय, ते पटत नाही.

न्यू जर्सीच घ्या. तिथे बहुतेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पक्षाच्या काउंटी समितीने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, सेनेटपासून खालपर्यंत, मतपत्रिकेवर एकाच रांगेत छापायचे. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, मध्ये रिकाम्या चौकटी सोडून. मतदार सवयीने रांग धरून खुणा करत जायचा. म्हणजे तिकीट कापायचं नाही, फक्त नाव दिसणार नाही अशा जागी टाकायचं! सेनेटसाठी उभे राहिलेले अँडी किम यांनी दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही पद्धत थांबवली. आता कायदाही बदलला आहे, पण त्याआधी कित्येक दशकं तिथला काउंटी अध्यक्ष हाच खरा श्रेष्ठी होता.

न्यूयॉर्कमध्ये हाउसची जागा मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणुकीला प्रायमरी नसतेच, त्या भागातले पक्षाचे काउंटी अध्यक्ष उमेदवार ठरवतात. व्हर्जिनियात प्रायमरीऐवजी अधिवेशन घेता येतं. ग्लेन यंगकिन २०२१ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नरपदाचे उमेदवार म्हणून तसेच निवडले गेले.

आता वठणीवर आणण्याचं. पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून खासदारकी जात नाही. हातात उरतात समित्या आणि पैसा. शेतीवर जगणाऱ्या मतदारसंघाच्या खासदाराला कृषी समितीतून काढलं की तो तिथल्या लोकांच्या कामाचा राहत नाही. आयोवाचे स्टीव्ह किंग यांचं हेच झालं. गोऱ्या वर्चस्ववादाबद्दलच्या वक्तव्यावरून जानेवारी २०१९ मध्ये रिपब्लिकन नेत्यांनी त्यांच्या सगळ्या समित्या काढून घेतल्या, त्यात कृषी समितीही होती. २०२० च्या प्रायमरीत विरोधकाने नेमका हाच मुद्दा वाजवला आणि किंग हरले.

ज्याला समितीची फिकीर नाही आणि ज्याच्या देणग्या देशभरातल्या छोट्या देणगीदारांकडून येतात, त्याच्यावर मात्र हे औषध चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आठ रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांबरोबर मत देऊन आपलाच स्पीकर, केविन मॅकार्थी, २१६ विरुद्ध २१० ने घालवला.

उंटावरचा शहाणा
न्यू जर्सीचा प्रकार अफलातून आहे. अजून एकच, प्रायमरीत हरलेला माणूस बंडखोरी करून अपक्ष उभा राहू शकतो का?

मतपत्रिका
बहुतेक राज्यांत नाही. कुठे कायद्याने सरळ मनाई, तर कुठे अपक्षाच्या अर्जाची मुदत प्रायमरीच्या आधीच संपते. पळवाटा आहेत. कनेक्टिकटमध्ये मनाई नाही, म्हणून जो लीबरमन २००६ मध्ये प्रायमरी हरूनही वेगळ्या नावाखाली उभे राहिले आणि सेनेटवर निवडून आले. प्रायमरी हरलेल्या अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांनी २०१० मध्ये अवघड वाट धरली. मतपत्रिकेवर नाव नाही, मतदाराने रिकाम्या रेषेवर ते हाताने लिहायचं. आडनावाचं स्पेलिंग असं की प्रचारात त्याचाच सराव करून घ्यावा लागला. त्या जिंकल्या, पण चुकीच्या स्पेलिंगची मतं धरायची का यावर खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हेतू स्पष्ट असेल तर धरा, असा निकाल लागला.

वॉर्ड क्रमांक सात
न्यूयॉर्कमध्ये तर इच्छा नसतानाही माणूस उभा राहतो. तिथे एकाच उमेदवाराला दोन पक्ष आपला म्हणू शकतात. २०१८ मध्ये जो क्राउली डेमोक्रॅटिक प्रायमरीत अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्याकडून हरले, पण वर्किंग फॅमिलीज या छोट्या पक्षानेही आधीच त्यांचं नाव दिलेलं होतं आणि ते नुसतं मागे घेता येत नव्हतं. प्रचार न करताच नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव राहिलं, आणि मतंही पडली.