मदत हवी आहे : झुंजारकथा पुन्हा पेपरबॅकमध्ये कशा आणता येतील?

नमस्कार मंडळी,

मी म्हापशाचा. आजोळी, डिचोलीला, एका पत्र्याच्या पेटीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या. मामा गिरगावात नोकरीला. मे महिन्यात आगबोटीने यायचा तो पिशवी भरून पुस्तकं आणायचा आणि जाताना त्याच पिशवीतून मानकुराद आंबे न्यायचा. यंदा पाऊस लागल्यावर पेटी उघडली, तर वर बुरशी आणि तळाला वाळवी. साठेक पुस्तकांपैकी निम्मी बचावली.

त्यातल्या एकाचं मुखपृष्ठ गेलंय आणि शेवटची पानंही. आत बाबूरावांचा नायक झुंजार आणि त्याची विजया भेटतात म्हणून झुंजारकथा, एवढंच कळतं. आईने ती लग्नाआधी वाचलेली. खुनी कोण म्हणून विचारलं की दर वेळी वेगळा माणूस सांगते, तोही तितक्याच खात्रीने.

पंचाईत अशी, की बाबूरावांनी हजाराच्या वर कथा लिहून ठेवल्यात. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक. त्यातल्या निवडक पुन्हा निघाल्या, पण निवड कुणीही करो, आपल्याला हवी ती नेमकी राहतेच. शिवाय मला जाडजूड संग्रह नकोच आहे. ही पुस्तकं पातळ, एका हातात धरून बसमध्ये वाचायची. पोटावर ठेवून वाचावा लागतो तो ग्रंथ, रहस्यकथा नव्हे. (माझं मत, भांडू नका.)

एका प्रकाशकांना फोन केला. गृहस्थ चांगलं बोलले, पण 'अख्खी मालिका घेणार कोण, साहेब?' इथे गाडी अडली. त्यांचंही खरं आहे. नेहमीच्या ऑफसेट छपाईला प्लेटा आणि मशीन लावायचा खर्च ठरलेला, शंभर प्रतींत तो निघत नाही. प्रिंट ऑन डिमांडमध्ये, म्हणजे मागणीपुरत्याच छपाईत, दहा प्रतीही काढता येतात, फक्त प्रत महाग पडते. मी दुप्पट द्यायला तयार आहे. माझ्यासारखे आणखी किती आहेत?

दुसरा घोळ हक्कांचा. बाबूराव 1996 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे 2056 संपेपर्यंत परवानगीशिवाय काही छापता येणार नाही. तोवर आई थांबणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही. तर हक्क सगळ्या कथांचे एकाच ठिकाणी आहेत, की ज्या त्या जुन्या प्रकाशकाकडे विखुरलेत? कुणी पुनर्मुद्रणासाठी रीतसर पत्र पाठवून पाहिलंय का? एकेकट्याने पाठवावं, की पन्नास सह्या आणि आगाऊ नोंदणी घेऊन?

आणखी एक वाचलंय. पुस्तक भारतात विक्रीला नसेल, तर सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीन प्रतींपर्यंत काढता येतात. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात हे विचारायला जाणार आहे. कुठल्या ग्रंथालयात असं करून घेतल्याचा अनुभव असेल तर सांगा, म्हणजे तिथे बोलायला बरं. आणि कुणाकडे झुंजारकथांची यादी असेल तर तीही द्या. स्कॅनची पीडीएफ मात्र नको, आई मोबाइलवर वाचत नाही.

माझ्या प्रतीत पान 9 ते 86 आहेत. ओळखता येत असेल तर पहिल्या दोन पानांतला मजकूर इथे थोडक्यात सांगतो.