मोटारी-केबलच्या चोऱ्या : गावाने आधी सीसीटीव्ही घ्यावेत की ग्राम सुरक्षा दल उभं करावं?

शिवारकरी (प्रश्न)

गाव 2,600 लोकवस्तीचं. तीन वस्त्या गावठाणापासून दीड-दोन किलोमीटर लांब, पोलीस ठाणं 19 किलोमीटरवर. विहिरीवरच्या मोटारी, केबल आणि डीपीतलं (विजेच्या रोहित्रातलं) तांबं चोरीला जातंय. ग्रामसभेपुढे दोन ठराव आहेत : वित्त आयोगाच्या पैशातून 8 कॅमेरे, किंवा दल करून रात्रीची गस्त. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये 2 टीबीची हार्ड डिस्क आहे. कॅमेरे कोणत्या निधीत बसतात, दलाला कायद्याने किती अधिकार आहेत आणि एखादा पकडला तर पुढे काय करायचं, हे नेमकं सांगावं.

तिसरा पहारा

दोन्हींच्या आधीचं काम म्हणजे झालेल्या प्रत्येक चोरीचा गुन्हा नोंदवणं. "मोटार काही परत मिळत नाही" म्हणून लोक ठाण्यात जात नाहीत. मग ठाण्याच्या नोंदीत तुमचं शिवार शांत दिसतं आणि रात्रगस्तीची गाडी दुसऱ्या रस्त्याला लागते. तक्रारीत मोटारीची कंपनी, एचपी, अनुक्रमांक, केबलची लांबी व जाडी आणि आजची किंमत लिहा. किंमत महत्त्वाची अशासाठी, की नव्या फौजदारी कायद्यांत 5,000 रुपयांखालच्या काही चोऱ्या अदखलपात्र धरल्या जातात, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. "थोडी केबल गेली" असं मोघम लिहिलं तर तपास तिथेच अडतो. तक्रार ऑनलाइन दिली तर 3 दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

मोटारींच्या बॉडीवर गट नंबर आणि गावाचं नाव लोखंडी पंचाने (अक्षरं ठोकायच्या हत्याराने) ठोकून घ्या. रंगाने लिहिलेलं पाच मिनिटांत घासून जातं. खुणेची यादी पोलीस पाटलांकडे आणि बीट अंमलदाराकडे (गावाच्या भागासाठी नेमलेल्या पोलिसाकडे) द्या. भंगाराच्या दुकानात माल सापडला की तो कुणाचा हे सिद्ध करायला तीच खूण उपयोगी पडते.

निधीचं म्हणाल तर 15 व्या वित्त आयोगाच्या रचनेत 60 टक्के रक्कम बंधित होती, ती पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची. कॅमेरे उरलेल्या अबंधित भागात बसतात, तेही ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम आधी घेतलेलं असेल तर. आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते, ठराव त्या ग्रामसभेत घ्या. नंतर घुसवलेल्या कामावर लेखापरीक्षणात हमखास आक्षेप येतो. वार्षिक देखभालीचा खर्च वेगळा दाखवा. बहुतेक गावांतले कॅमेरे दुसऱ्या पावसाळ्यानंतर बंद पडतात, कारण त्यासाठी आराखड्यात पैसाच ठेवलेला नसतो.

केबलवाला

त्या कोटेशनवर सही करू नका, आधी हिशेब बघा. 4 मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.265 वर (चित्रण दाबून साठवायची पद्धत) साधारण 2 ते 4 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबिट घेतो. 1 एमबीपीएस म्हणजे दिवसाला 10.8 जीबी. 8 कॅमेरे 4 एमबीपीएसने चालवले तर रोज 345 जीबी लागतात, म्हणजे 2 टीबी सहाव्या दिवशी भरते आणि जुनं पुसलं जायला लागतं. शेतीची वीज आठवड्याने दिवसा-रात्री बदलते, त्यामुळे मोटार गेल्याचं कळायलाच आठ-दहा दिवस लागतात. तोवर चित्रण गेलेलं असतं. 2 एमबीपीएसवर 30 दिवस ठेवायला साधारण 5.2 टीबी लागतात, म्हणून 6 टीबीची सर्व्हेलन्स डिस्क मागा. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहीत राहिली की लवकर मरते.

जागा निवडताना शिवार झाकायचा प्रयत्न करू नका, 8 कॅमेऱ्यांत ते होत नाही. चोरीचा माल टेम्पोने किंवा दुचाकीने रस्त्यावरूनच बाहेर जातो, म्हणून वेशीवरचे रस्ते धरा. चेहरा ओळखायला एका मीटरला 250 पिक्सेल लागतात. 4 मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी 2,560 पिक्सेल असते, म्हणजे सुमारे 10 मीटर रुंदीपर्यंतच ओळख पटते. पूर्ण 40 मीटरचा चौक एका कॅमेऱ्यात बसवला की मीटरला 64 पिक्सेल उरतात, माणूस आहे एवढंच कळतं. उंची 3 ते 4 मीटर ठेवा. खांबाच्या टोकाला लावलेला कॅमेरा टोप्या आणि मुंडासी दाखवतो.

गाडीच्या नंबरसाठी वेगळाच कॅमेरा हवा : गतिरोधकाजवळ, रस्त्याशी कोन 30 अंशांच्या आत, शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून वेगवान. साध्या सेटिंगवर रात्री हेडलाइटचा पांढरा गोळाच येतो.

नेटवर्क केबल 100 मीटरपर्यंतच चालते, पुढे फायबर टाका. प्रत्येक खांबाला अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) हवाच, नाहीतर मे महिन्यातल्या पहिल्या वळवात रेकॉर्डरसकट सगळं जातं. आठ कॅमेरे, रेकॉर्डर, राऊटर मिळून सुमारे 100 वॅट लागतात. 150 एएचची एक बॅटरी आठ-दहा तास धरते.

रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं ठेवा. वेळ चुकीची असली की चित्रण पुरावा म्हणून लंगडं पडतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार यंत्र सांभाळणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावं लागतं, फाइलच्या हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). ते कोण देणार हे ठरावातच लिहा. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं चित्रण खटल्यात टिकवणं फार अवघड जातं.

गावकूस

अधिकारांबद्दल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 63ब मध्ये गावाच्या संरक्षण दलाची तरतूद आहे. दल पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत उभं राहतं, ग्रामपंचायतीच्या ठरावाने आपोआप नाही. ठरावासोबत नावांची यादी ठाण्यात द्या, चारित्र्य पडताळणी आणि ओळखपत्रं करून घ्या. दारूबंदी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने आलेलं ग्रामरक्षक दल वेगळं, त्याचं काम अवैध दारूपुरतं आहे. दोन्हींची गल्लत अर्जांत नेहमी होते.

गस्तीला 4-4 जणांच्या तुकड्या करा, कुणाचीही पाळी आठवड्यातून एकदाच येईल इतकी माणसं घ्या. रोज तीच पोरं जागवली की तीन आठवड्यांत गस्त मोडते. शिट्टी, टॉर्च, चकाकणारं जॅकेट आणि नोंदवही द्या. वही बीट अंमलदाराने आठवड्याला तपासून सही करायची.

पकडलेल्या माणसाबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा समोरचा न्यायालयाने फरार घोषित केलेला असला, तरच खासगी माणूस धरू शकतो, आणि विनाविलंब, जास्तीत जास्त 6 तासांत, पोलिसांच्या हवाली करायचं. संशयावरून धरता येत नाही, झडती घेता येत नाही, हात तर अजिबात उचलायचा नाही. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेत जमावाकडून मारले गेले. निरपराध माणसं होती ती. म्हणून दलाच्या पहिल्या बैठकीतच ठरवा : अनोळखी माणूस दिसला तर नाव-गाव विचारायचं, शंका राहिली तर 112 ला (पोलिसांच्या तातडीच्या नंबरला) फोन करायचा, वाट अडवून जमाव जमवायचा नाही. भटके-विमुक्त, ऊसतोड टोळ्या, मेंढपाळ गावात उतरले की पोलीस पाटलांनी दिवसाउजेडी जाऊन भेटावं आणि कोण कुठे उतरलंय ते दलाला सांगावं. अर्ध्या अफवा तिथेच थांबतात.

शिवारकरी

ग्राम सुरक्षा यंत्रणेचा टोल फ्री नंबर आहे, एका फोनवर सगळ्या गावाला आवाज जातो. मग 112 वेगळं कशाला?

तिसरा पहारा

त्या यंत्रणेने गाव जागं होतं, गाडी 112 मुळे निघते. दोन माणसांनी दोन फोन एकाच वेळी करायचे. 112 ला गट नंबर सांगून उपयोग नाही, शिवारात मोबाइलचं लोकेशनही भलतीकडे दाखवतं. पाण्याची टाकी, शाळा, डांबरी रस्त्याचा फाटा अशी खूण सांगा आणि एक माणूस फाट्यावर टॉर्च घेऊन उभा करा.

केबलवाला

डीपीचं राहिलं. तांबं काढण्याआधी चोराला वरची वीज तोडावीच लागते. शेजारच्या वस्तीवर दिवे आहेत आणि एकाच डीपीवर मध्यरात्री अंधार झाला, तर फ्यूज गेला असं समजून झोपू नका. 112 ला आणि उपकेंद्राला कळवा, त्या डीपीजवळ मात्र कुणी जाऊ नये, लाइन कधीही परत चालू होऊ शकते. सकाळी वीज कायदा 2003 च्या कलम 136 खाली तक्रार महावितरणच्या अभियंत्याकडून द्यायला लावा, कारण डीपी त्यांची मालमत्ता आहे.