‘निमपट’मध्ये वाढ कुठे आहे?

प्रश्न: लेकीचा गृहपाठ घेताना अडकलो. ४८ × ०.२५ = १२ हे तिनं बरोबर काढलं आणि विचारलं, “बाबा, गुणलं तरी कमी कसं झालं?” दुप्पट, तिप्पट, दसपट, मलाही वाढीचेच शब्द आठवले. इथं ‘पट’ म्हणायचं का? आणि ‘क्रमनिरपेक्ष’ला (संख्यांची अदलाबदल केली तरी गुणाकार तोच) सोपा शब्द आहे का?

– निमपट, पाऊणपट विसरलात की! ‘वडिलांच्या वयाच्या निमपट वय’ हे स्पर्धा परीक्षांच्या गणितांत सर्रास येतं. पट म्हणजे प्रमाण. ते एकाहून मोठं असलं तर वाढ, लहान असलं तर घट.

– आणि पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा, पाऊणचे पाढेच होते ना? पुढं सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. पहिल्या तिन्हींत उत्तर मूळ संख्येपेक्षा लहानच येतं, तेव्हा कुणाला नवल वाटत नसे. अठ्ठेचाळीसचा पाव बारा. ‘०.२५’ लिहिलं की तीच गोष्ट परकी दिसते. (औट म्हणजे साडेतीन, संस्कृत ‘अर्धचतुर्थ’वरून. अडीच ‘अर्धतृतीय’वरून.)

– अडीचकी तोंडपाठ नसली तर चौदा अडीच कसे करायचे? चौदा दुणे अठ्ठावीस, चौदाचे निम्मे सात, झाले पस्तीस. पुस्तकात यालाच ‘वितरण’ म्हणतात: १४ × (२ + ०.५). शब्द ऐकून मुलांना रेशनचं दुकान आठवतं, त्याला इलाज नाही.

– क्रमनिरपेक्ष: ज्याला क्रमाची अपेक्षा नाही ते. हिंदी पुस्तकांत ‘क्रमविनिमेय’ असतं, आपला शब्द मला त्याहून बरा वाटतो. वर्गात मी आधी ‘उलटसुलट चालतं’ म्हणते, मग शब्द देते. पण एक जपा. २० रुपये मीटरचं कापड ०.७५ मीटर घेतलं तरी १५ रुपये, आणि ७५ पैशांची एक अशी २० बटणं घेतली तरी १५ रुपयेच. उत्तर तेच, पिशवीत काय आलं ते वेगळं. ‘सगळं सारखंच’ असं मुलांना सांगू नका.

– मूळ प्रश्नकर्ता: निमपट लेकीला पटलं. आता विचारतेय, मग ‘औटपट’ का म्हणत नाहीत?