लँडस्केप फोटोंवर उपयोगी अभिप्राय कसा मागावा, कसा द्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हौस म्हणून लँडस्केप काढतो. घरच्यांना दाखवले की "मस्त", "वॉलपेपर लाव" यापुढे गाडी जात नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांना दाखवले, तर एकाचं तोंड पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला.

ताजं उदाहरण देतो. सूर्य उगवायच्या जरा आधीचा तलाव, पलीकडे डोंगर, अलीकडे पाण्यात अर्धवट बुडालेले दगड. क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान), १६ मिमी वाइड लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६, शटर अर्धा सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ट्रायपॉडवर. डोंगराचं प्रतिबिंब पूर्ण हवं म्हणून क्षितिज मधोमध ठेवलं. त्यावर आलेले सल्ले असे:

"क्षितिज वरच्या एक-तृतीयांश रेषेवर घ्या." "मुळीच नको, प्रतिबिंब आहे म्हटल्यावर मधोमधच हवं." "पोलरायझर फिल्टर लावायचा ना!" "रंग फिके आहेत, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवा." "ते दगड उडवा, हल्ली एका टिचकीत जातात."

मला दाखवायचा होता तो डोंगर. तिथे उभं राहिल्यावर तो अक्षरशः अंगावर येत होता. फोटोत टेकाड दिसतंय. पण यावर कुणी काही बोललंच नाही.

तर प्रश्न असे. फोटो दाखवताना "मला हे दाखवायचं होतं" असं आधी सांगावं का? की त्याने बघणाऱ्याचं मत आधीच वळतं? पाच जण पाच दिशांना ओढत असतील तर ऐकायचं कुणाचं?

आणि एक उलट बाजूचा प्रश्न. आमच्या हौशी मंडळींत एक नवीन मुलगी आली आहे. तिच्या पहिल्याच फोटोवर एकाने "आकाश जळालंय (जास्त उजेडाने पांढरं पडलंय), क्षितिज कललंय, झाडाभोवती पांढरी कड आलीय" असा पंचनामा केला. शब्दन् शब्द खरा होता. तिने फोटो दाखवणंच बंद केलं. आता मला एकट्याला तोच फोटो पाठवून "खरं सांगा" म्हणते आहे. काय सांगू?

प्रतिसाद १

हेतू सांगा, पण नंतर. आधी फोटो नुसता समोर ठेवा आणि एवढंच विचारा: नजर पहिल्यांदा कुठे गेली, मग कुठे फिरली, कुठे अडली? "कसा वाटला" विचारलंत की लोक गुण देतात नाहीतर नियम सांगतात. नजरेबद्दल विचारलंत की त्यांना खरोखर बघावं लागतं. उत्तरं आली की मग सांगा, मला डोंगर दाखवायचा होता.

असं केलं की सल्ले आपोआप चाळले जातात. पोलरायझरचंच घ्या. तो पाण्यावरची चकाकी कापतो, म्हणजे नको त्या कोनात फिरवला तर तुमचं प्रतिबिंबच पुसून टाकेल. शिवाय इतक्या वाइड लेन्सवर निळं आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं, असं डागाळतं. वेगळ्या फोटोला चांगला असलेला सल्ला इथे उपरा आहे. एक-तृतीयांश रेषेचंही तेच.

डोंगराचं टेकाड झालं याचं कारण मात्र साधं आहे. वाइड लेन्स घेऊन दगडांना खेटून उभं राहिलात की जवळचं फुगतं आणि लांबचं आक्रसतं. तेच दगड ठेवून मागे सरका आणि ५० किंवा ७० मिमी लावा. दगड साधारण तेवढेच राहतील, मागचा डोंगर वर चढेल. हे कॉम्प्युटरवर होणार नाही, परत जावं लागेल. म्हणून अभिप्राय ऐकताना हे वेगळं काढत चला: काय घरी बसून सुधारता येतं (कललेलं क्षितिज, रंग, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके), काय फक्त जागेवर, आणि काय नुसती आवडनिवड आहे. घरचं कामही कमी समजू नका. अमेरिकन लँडस्केप छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्सने १९४१ साली टिपलेल्या 'मूनराइज, हर्नांडेझ'चे प्रिंट तो पुढे कित्येक वर्षं काढत राहिला, आणि नंतरच्या प्रिंटांत आकाश पहिल्यापेक्षा कितीतरी काळं आहे. निगेटिव्ह तीच.

जाता जाता: एफ/१६ची गरज नव्हती. क्रॉप सेन्सरवर तिथे विवर्तनाने (फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) बारीक तपशील मऊ पडायला लागतात. १६ मिमीला एफ/११ ठेवून साधारण सव्वा मीटरवर फोकस केलात तरी ६०-६५ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी असहमत. हेतू आधीच सांगावा, नाहीतर जो तो आपल्या मनातल्या फोटोवर बोलतो. फक्त एका ओळीत सांगा, आणि प्रश्नही एकच ठेवा: "दगडांमुळे डोंगराकडे जायला नजर अडते का?" मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येणार.

प्रतिसाद ३

मुलीच्या फोटोबद्दल. त्यात चांगलं काय आहे?

धागाकर्ता

माळावर एकटं झाड, मागे काळे ढग, आणि ढगांच्या फटीतून झाडाच्या मागच्या गवतावर पडलेला उजेडाचा एक पट्टा. तो पट्टा खरंच सुंदर आहे. मला सुचला नसता.

प्रतिसाद ३

मग हेच वाक्य जसंच्या तसं तिला लिहा. गोड बोलायचं म्हणून नव्हे. तिला कदाचित ठाऊकच नसेल की फोटो त्या पट्ट्यावर उभा आहे, आणि जे ठाऊक नाही ते पुढच्या वेळी मुद्दाम करता येत नाही. त्यानंतर एकच दोष सांगा, तोही पट्ट्याशी जोडून. झाडाभोवतीची पांढरी कड बहुधा क्लॅरिटी किंवा एचडीआर (एडिटिंगमधले उजेड-सावलीचे इफेक्ट) जास्त ओढल्याने आली आहे आणि ती पट्ट्यावरून नजर खेचते. स्लायडर निम्म्यावर आणून बघ, असं. क्षितिज पुढच्या खेपेला. तिला न विचारता तिचा फोटो एडिट करून परत पाठवू नका, ते फार लागतं.

धागाकर्ता

दोन्ही पद्धती करून पाहिल्या. हेतू न सांगता दोघांना विचारलं. दोघांची नजर डाव्या कोपऱ्यातल्या ओल्या दगडावर गेली आणि तिथेच बसली. त्यावर आकाश चकाकतंय, अख्ख्या फोटोत तोच सगळ्यात उजळ! म्हणजे "दगड उडवा" म्हणणाऱ्याला खुपलं ते बरोबर होतं, त्याचा उपाय तेवढा चुकीचा. सगळे दगड गेले तर डोंगर किती लांब आहे तेच कळणार नाही. एडिटिंगमध्ये तो एकच दगड पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) गडद केला, तर नजर सरळ पाण्यावरून पलीकडे जाते. आता दुसऱ्या दोघांना हेतू आधी सांगून विचारलं, तर दोघेही "हो, डोंगर भव्य वाटतोय" म्हणाले. टेकाड असूनही! त्यामुळे माझं मत प्रतिसाद १ कडे.

मुलीला पट्ट्याचं लिहिलं. तिने उलट विचारलं, "कुठला पट्टा?"

प्रतिसाद २

मान्य, पहिल्या नजरेसाठी तुमचंच बरोबर. पण दुसऱ्या फेरीत हेतू सांगाच. आणि परत जाल तेव्हा ७० मिमीबरोबर १६ मिमीचाही एक घ्या, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून विचारता येईल.